जोडलेल्या हातांचा ऑक्टोबर

छाटण्या सुरू झाल्या की आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतही ते कळतं. इथं द्राक्षवेलीचं पान दिसत नाही. दिसतात त्या पत्र्याच्या शेड, वडापावच्या गाड्या आणि खड्डे. पण आमची कंपनी फवारणीच्या पंपांचे सुटे भाग बनवते, त्यामुळे ओझर-पिंपळगावकडच्या बागांत कात्री लागली की आमचे फोन खणखणायला लागतात. पंप दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या कपड्यांना एक उग्र वास असतो. छाटलेल्या काडीचे डोळे वेळेवर फुटावेत म्हणून तिच्यावर पेस्ट लावतात, तिचा तो वास. एकदा मी मुद्दाम एका बागेत गेले होते. एकही पान नसलेले वेल तारांवर हात पसरून उभे होते आणि नजर पोचेल तिथवर कुठं हिरवं नव्हतं. बागेचा मालक हसून म्हणाला, "ताई, मेले नाय ते. झोपवलेत." मला ते वाक्य काही आवडलं नव्हतं.

यंदाही तो वास आला, आणि त्याच आठवड्यात सकाळी मेथी निवडत बसले असताना माझा मोबाईल किणकिणला. कंपनीच्या इंटरनेटवरच्या पेजवर कुणीतरी हात जोडले होते, ते पिवळे, चित्रातले. कुठल्या पोस्टवर, ते उघडून बघायची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची ती पोस्ट दर ऑक्टोबरला जागी होते. कुणाच्या तरी पडद्यावर ती पुन्हा वर येते, तो माणूस क्षणभर थांबतो, हात जोडतो आणि पुढे जातो. मी मेथी तशीच ठेवून थोडा वेळ खिडकीशी उभी राहिले.

पेजची कथा अशी, की आमच्या मोठ्या साहेबांचा मुलगा सौरभ पुण्याहून शिकून आला आणि आल्या आल्या त्याला कळलं की कंपनी 'दिसत' नाही. नोकरी-धंद्याच्या ओळखी जोडायची जी जागा इंटरनेटवर असते, तिथं आमचं पेज होतं खरं, पण त्याला फॉलो करणारे म्हणजे ऑफिसातले आम्ही आणि सौरभच्या दोन मावश्या. परदेशातला एक मोठा डीलर बोलणी करायला येणार होता. येण्याआधी तो पेज बघणार, पेजवर गर्दी असली तर कंपनी मोठी समजणार, असं ते गणित. मी तेव्हा खरेदी विभागात होते. शाळेत असताना माझे निबंध वर्गात वाचून दाखवत, असं मी कधीतरी बोलून गेले होते. तेवढ्या भांडवलावर पेजवर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिहायचं मी, पण पोस्ट काढून टाकायचा अधिकार फक्त सौरभकडे.

मग जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये जाऊन एकेकाचा फोन मागायला लागले. टर्नर, फिटर, पॅकिंगच्या बायका, सगळ्यांची खाती उघडली. 'तुमची कौशल्ये लिहा' असं यायचं तिथं पॅकिंगच्या मंदाबाईंनी मला 'पुरणपोळी' लिहायला लावलं. एका फिटरनं चुकून 'नोकरीच्या शोधात' असं बटण दाबलं, तर त्याच्या फोटोभोवती हिरवं कडं उमटलं आणि सौरभचा चेहरा पडला. पोस्ट पडली की तासाभरात सगळ्यांनी लाइक करायचं, आपल्या ओळखीच्यांना आमंत्रणं पाठवायची, असा हुकूम होता. आम्ही इमानेइतबारे अंगठे दाबत होतो. आकडा मात्र जागचा हलत नव्हता.

दगूनाना आमचे सगळ्यात जुने टर्नर. देवळ्याजवळच्या एका गावातून तरुणपणी आले आणि एकाच लेथवर, धातू कातायच्या मशीनवर, सगळी उमर काढली. माणूस हौशी होता. मिशांना कलप लावायचे, पगाराच्या दिवशी पांढरा शर्ट घालायचे, आणि कॅमेरा दिसला की पोट आत घ्यायचे. नाव त्यांचं दगू, म्हणजे दगड. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं हे असं नाव ठेवलं. वरून कुणी न्यायला आलंच तर त्याला वाटावं, हा तर दगड, याला कशाला उचला. नाना हे फार खुशीत सांगायचे. "आमची म्हातारी लय हुशार, ताई. यमाला बी गंडवलं तिनं."

त्या वर्षी खंडेनवमीला नेहमीसारखी मशीनची पूजा झाली. मशीन पुसून लख्ख केलेली, हळद-कुंकवाची बोटं उमटवलेली, प्रत्येक मशीनला झेंडूचा हार. नानांनी आपल्या लेथला घरून करून आणलेला हार घातला, मनगटाएवढा जाड. खाली समई, उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवलेला. सौरभ म्हणाला, "नाना, मशीनमागे उभे राहा." नाना मिशीवरून हात फिरवून उभे राहिले. फोटो झकास आला. दसऱ्याच्या सकाळी मी त्याच्यावर चार ओळी लिहिल्या आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले.

आता त्या पेजची एक खोड अशी, की ते मोबाईलवर फोटो आपल्या मनानं कापतं. आडवा फोटो होता, त्याचा चौकोन झाला. दोन्ही बाजूंचा लेथ कापला गेला. उरला तो नानांचा चेहरा, लेथवरचा झेंडूचा हार छातीशी घातल्यासारखा, पुढं समईची ज्योत आणि उदबत्तीचा धूर. मजकुराच्याही पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीच्या बोट लावल्यावर उघडतात. दिसणाऱ्या ओळी होत्या, 'तीस वर्षं आमच्या सोबत असणारे, कष्टाळू, मनमिळाऊ दगूनाना'. त्याखालच्या ओळींत त्यांचा आजही चालणारा हात, त्यांचा लेथ, दसऱ्याच्या शुभेच्छा असं सगळं होतं. तिथवर कोण जातं?

आपल्याकडे हार घातलेला फोटो दिसला की माणूस विचार करत नाही. बोट आपोआप चालतं. सिन्नरच्या एका जुन्या पुरवठादारानं पहिल्यांदा लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याच्या खाली दुसऱ्यानं. मग नुसते जोडलेले हात, हातांखाली हात, ओळीनं. 'देवमाणूस गेला.' 'विश्वास बसत नाही.' 'एक पर्व संपलं.' सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो तोवर ही रांग बोटानं सरकवून संपेना इतकी झाली होती, आणि इतके महिने अडून बसलेला फॉलोअरचा आकडा पुरासारखा चढत होता.

मी पहिल्या मजल्यावरच्या काचेतून खाली शेडमध्ये बघितलं. नाना लेथवर वाकून पितळेची नळी घासत होते. मधेच त्यांनी खिशातून शेंगदाणे काढून तोंडात टाकले. माझ्या हातातला फोन थरथरला, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'. मी पुन्हा खाली बघितलं. मृतात्मा शेंगदाण्याची साल फुंकत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

सौरभकडे धावले. त्याचे डोळे चमकत होते. "ताई, रीच बघितला का? एवढ्या लोकांपर्यंत पोचलो, एक रुपया न घालता!"

"सर, माणूस जिवंत आहे. काढून टाका ती पोस्ट."

"काढली की सगळं जाईल. डीलर येऊन जाऊ दे, मग बघू. तुम्ही खाली कमेंटमध्ये लिहा ना तसं."

लिहिलं. 'दगूनाना ठणठणीत आहेत, आजही कामावर आहेत.' तर त्याच्याही खाली लोकांनी हात जोडले. एकानं लिहिलं, 'खरंय, अशी माणसं आपल्या कामातून जिवंतच असतात.' मग मी नवी पोस्ट टाकली, नाना चहा पिताना, हसताना, हार नाही, धूर नाही. ती ऑफिसातल्यांखेरीज कुणी बघितली नाही. जिवंत माणसात कुणाला काही रस दिसेना. राग आला मला, सौरभचा आला, त्या हातांचा आला, आणि खोटं कशाला सांगू, हळूहळू भीती वाटायला लागली.

कारण गोष्ट फोनमध्ये राहिली नाही. सिन्नरचा तो पुरवठादार एका दुपारी स्वतःच आला, हातात फुलांची पुडी घेऊन. फाटकातून आत शिरला तर समोर नाना. तो जागीच थिजला. आम्ही सगळे हसलो, नानाही हसले, त्याला खुर्ची दिली, स्वतः जाऊन चहा आणला. त्यानं नानांच्या हातून कप घेतला, पण प्यायला नाही. दोन्ही हातांत धरून बसला आणि निघताना भरलेला कप खिडकीत ठेवून गेला. पुडी तो न्यायला विसरला. ती फुलं टाकायला शेडमध्ये कुणी हात लावेना. शेवटी नानांनीच ती उचलून आपल्या लेथवर ठेवली.

मग हजेरीचं यंत्र. आयुष्यभर धातू हाताळणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे ते यंत्र टर्नर लोकांना कधी ओळखतं, कधी नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या हंगामात ते नानांना एकदाही ओळखेना. नाना बोट ठेवायचे, यंत्रातली बाई इंग्रजीत म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा. नाना बोट पॅन्टला पुसायचे, पुन्हा ठेवायचे. मागे रांग ताटकळायची आणि पूर्वी जी रांग त्यांची टिंगल करायची, ती आता जमिनीकडे बघत उभी असायची. मी रोज ते बघत होते. झिजलेली बोटं, दुसरं काय, असं रोज स्वतःला सांगत होते.

नानांना एकच घोर लागला होता. गावाकडे त्यांची आई होती, फार म्हातारी, डोळ्यांनी अधू, पण कान तिखट. गावातल्या कुणी पोरानं मोबाईल बघून तिच्या कानावर घातलं तर? जेवणाच्या सुट्टीत ते फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बहिणीला फोन करायचे. बहीण तिकडे रडत असावी, कारण नाना आपल्या अहिराणीत तिला चुचकारत होते, "अक्का, मी जित्ता शे ना." मग आवाज उतरवून पुन्हा पुन्हा एकच, आईला कळू देऊ नका. पुतण्यांना सांगून ठेवलं, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. गावातल्या दुकानदारालासुद्धा बजावलं. आम्हाला सगळ्यांना ते योग्यच वाटलं. मीही म्हणाले, "बरं केलंत नाना. त्यांना कशाला त्रास."

एका दुपारी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ताई, वाचून दाखवा की काय काय लिवलंय लोकांनी."

मी टाळत होते. पण ते खुर्ची ओढून बसलेच. मग वाचलं. ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होते, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका ऐकावी तसे.

"हा कोण?"

"हैदराबादचा कुणी."

"मला वळखतो?"

"नाही, नाना."

"मंग पर्व संपलं असं का म्हनतो?"

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणाले, "जाऊ दे हो. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. तुम्ही आता शंभरी गाठणार."

नानांनी भाकरी डब्यात ठेवली. "नुसत्या बातमीनं नाय वाढत, ताई." आणि मग त्यांनी त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली. विहिरीवर खेळताना त्यांच्या डोक्याला कावळा शिवला होता. त्यांच्याकडे तो मोठा अपशकुन. आईनं लगेच माहेरी निरोप धाडला, दगू गेला. मामा अनवाणी धावत आला, मामी रस्त्यात छाती पिटत आली, ओट्यावर दोघांनी हंबरडा फोडला. त्यांचं पोटभर रडून झालं, तेव्हा आईनं दगूला धान्याच्या कणगीमागून बाहेर काढलं. मग गोडधोड केलं, सगळ्यांनी मामाची थट्टा केली. "तसं केलं की आलेलं टळतं. पर रडणं खरं लागतं. रडणाऱ्याला ठावं नसावं लागतं." ते फोनकडे बघत होते. "या येवढ्यात रडलं कोण असंल?"

मी पडदा वर सरकवला, खाली सरकवला. हातच हात. सगळे पिवळे, सगळे एकाच मापाचे, एकाच कोनात जोडलेले. मला तेव्हा दिसलं ते असं, की कुठल्याही हाताला माणूस नव्हता. नुसते मनगटापासून तोडलेले हात, आणि मधोमध धुरातून बघणारा नानांचा चेहरा. मी फोन पालथा घातला.

"तुमच्या अक्का रडल्या ना," मी म्हणाले.

"तिला आधी माझा फोन गेला, मंग बातमी. ती नुसती घाबरून रडत व्हती." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आईला कळलं असतं तर रडली असती. पर ऱ्हाऊ द्या. या वयात तिला कशाला रडवायचं, उगा आपल्या आयुष्यासाठी?" आणि हसून उठले. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला तेव्हा मला बरं वाटलं, हे मला चांगलं आठवतं.

डीलर आला. पेज बघूनच आला होता. सौरभनं त्याला शेड दाखवली, तर नानांच्या लेथपाशी तो थबकला, माणसाकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि इंग्रजीत विचारलं, हा त्यांचा भाऊ का? सौरभ 'नो नो' म्हणत काहीतरी समजावत त्याला पुढे घेऊन गेला. व्यवहार झाला. पोस्ट राहिली. नुसती राहिली नाही, सौरभनं ती पेजच्या डोक्यावर चिकटवून ठेवली, म्हणजे येणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसावी. मी भांडले. तो म्हणाला, "ताई, नानांना काही प्रॉब्लेम नाहीये. तुम्हालाच का?"

खरंच, मलाच का? या शहरात रोज कितीतरी हार घातलेले चेहरे चौकाचौकांतल्या फलकांवर वाढदिवसाचे म्हणून लागतात, पावसात रंग उडून जातात, मी मान वर करून बघतही नाही. पण फलक एक दिवस उतरतो. हा चेहरा उतरायला तयार नव्हता. वेलींवर डोळे फुटले, पानं आली, मणी भरले, बागा पुन्हा अंधारून येण्याइतक्या हिरव्या झाल्या, आणि नाना मात्र पेजवर तसेच धुरात उभे. खालचे खरे नाना हळूहळू त्या फोटोसारखे दिसायला लागलेत असं मला वाटायचं. कलप लावायचं त्यांनी सोडलं होतं. कॅमेरा दिसला की ते आता बाजूला व्हायचे.

पुढच्या ऑक्टोबरच्या छाटण्या नुकत्याच लागल्या होत्या, तेव्हा ते गेले. सकाळी दात घासताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. साखर होती, रक्तदाब होता, बिडी होती. मी अपशकुन मानणारी बाई नाही आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कारण मला पुरेसं आहे. कंपनीनं पेजवर बातमी टाकली. या खेपेला मी हाराशिवायचा फोटो दिला, पहिल्याच ओळीत 'निधन' लिहिलं. दिवसभरात मोजकेच लोक फिरकले. एकानं विचारलं, 'हे तर मागच्या वर्षीच गेले ना?' दुसऱ्यानं लिहिलं, 'जुनी बातमी परत का टाकता?' मी त्यांना उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पुसून टाकलं. संध्याकाळी खाली जाऊन सौरभ बराच वेळ बंद लेथपाशी उभा होता, हे मी काचेतून बघितलं.

आम्ही कंपनीच्या गाडीनं देवळ्याच्या बाजूला गेलो. मंदाबाई आणि मी पुढे होतो. वाटेत पिंपळगावपाशी कात्र्या लागलेल्या दिसल्या, उघडे वेल तारांवर हात पसरून उभे. मंदाबाईंनी तिकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. गावात नानांचं घर शोधावं लागलं नाही. कांदे साठवायच्या चाळीशेजारी ओट्यावर माणसं बसली होती. अक्का आमच्या गळ्यात पडून रडल्या. आई आत भिंतीला टेकून बसली होती, एवढीशी. अक्कांनी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, दगूच्या कंपनीतल्या बाया आल्यात.

तिनं हात पुढं केला. मी तो धरला. वेलीच्या काडीसारखा कोरडा, पण पकड घट्ट होती.

"बाई," ती म्हणाली, "मागं तुमच्याकडं दगू गेल्याची खोटी बातमी उठली व्हती म्हनं. दसऱ्याला."

कुणीतरी तिला आता सांगितलं होतं. आता सांगायला कुणाची हरकत उरली नव्हती. मी हो म्हणाले.

"लई लोकांला कळली म्हनं."

"हो, आजी. लई."

"मंग माझ्यापासून का चोरली?" ती ओरडली नाही. ती खरंच विचारत होती, तिचे पांढरट डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला लावून. "मी रडले असते ना. तवा कामाला आलं असतं माझं रडनं."

मी काहीतरी बोलणार तोच तिनं माझा हात सोडला आणि पदरानं डोळे पुसायला घेतले. मग पदर खाली आणला. डोळे ठणठणीत कोरडे होते.